इंजिन किती सेकंद चाललं, तेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘गगनयान पुन्हा रखडले’ असा मथळा आपल्या दैनिकात नुकताच वाचला. त्याच पानाच्या तळाशी, जाहिरातीच्या डोक्यावर उरलेल्या जागेत, तमिळनाडूतल्या महेंद्रगिरीच्या चाचणी केंद्रात इस्रोच्या इंजिनाची चाचणी झाल्याची चार ओळींची बातमी होती. कुठलं इंजिन, किती वेळ चाललं, किती चालायला हवं होतं, यातलं काहीच नव्हतं. ‘चाचणी यशस्वी’ एवढं मात्र होतं. वरची बातमी समजायची तर खालची नीट छापावी लागेल, हे सांगायला हे पत्र.

माझी उभी नोकरी साखर कारखान्यात बॉयलर आणि टर्बाइन सांभाळण्यात गेली. रॉकेटबद्दल अधिकारवाणीने बोलायचा मला हक्क नाही, पण दाब, पंप आणि मिनिटाला हजारो फेरे घेणारं यंत्र यांच्याशी रोजचा संबंध होता. त्यामुळे इस्रोच्या उड्डाणांपेक्षा त्यांच्या चाचण्यांच्या बातम्या मी जास्त लक्ष देऊन वाचतो. उड्डाण सगळेच बघतात, शाळेत मुलांना बसवून दाखवतात. पण इंजिनाची खरी परीक्षा त्याच्या कित्येक वर्षं आधी, तमिळनाडूत तिरुनेलवेली जिल्ह्यातल्या डोंगरात, लोखंडाच्या आणि काँक्रीटच्या स्टँडला जखडून झालेली असते. कन्याकुमारीच्या यात्रेला जाणाऱ्या आपल्याकडच्या गाड्या पणगुडीवरून जातात तेव्हा तो डोंगर दिसतो. गाडीतली माणसं पवनचक्क्यांचे फोटो काढत असतात.

आता २०२३ ची गोष्ट घ्या. १ जुलैला महेंद्रगिरीला नव्या अर्ध-क्रायोजेनिक इंजिनाच्या ‘पॉवर हेड’ची पहिली प्रज्वलन चाचणी झाली. साडेचार सेकंद चालवायचं ठरलं होतं. १.९ सेकंदांपर्यंत सगळं अंदाजाप्रमाणे गेलं. मग टर्बाइनचा दाब एकदम उसळला, पाठोपाठ टर्बाइनचा वेग पडला, आणि खबरदारी म्हणून चाचणी तिथेच थांबवली गेली. हे इस्रोने स्वतःहून जाहीर केलं, याबद्दल त्यांचं कौतुक केलं पाहिजे. आमच्या एसटी स्टँडवरच्या चहाच्या गाड्यावर मात्र त्याचा अर्थ लगेच लागला, “गेलं का बाराच्या भावात?” मी म्हणालो, उलट वाचलं. दोन सेकंदांच्या सुमाराला बिघाड ओळखून यंत्र बंद करता आलं, म्हणजे पहारा देणारी यंत्रणा जागी होती. इंजिन शाबूत राहिलं की पुढे ते उघडून बघता येतं. चिंध्या झाल्या तर नुसते तर्क उरतात.

हे यंत्र आहे काय, ते थोडक्यात सांगतो. पूर्ण झाल्यावर त्याचा जोर २००० किलोन्यूटन असेल, म्हणजे ढोबळमानाने २०० टन. इंधन केरोसीन, सोबत उणे १८३ अंशांचा द्रव ऑक्सिजन. दोहोंतलं एकच अतिशीत, म्हणून अर्ध-क्रायोजेनिक. एलव्हीएम-३ या आपल्या सर्वांत मोठ्या रॉकेटच्या मधल्या टप्प्यात सध्या ‘विकास’ नावाची इंजिनं आहेत. त्यांच्या जागी हे बसलं की ते रॉकेट उपग्रहांच्या लांबच्या कक्षेकडे चारऐवजी पाच टन वजन नेऊ शकेल. ‘पॉवर हेड’ म्हणजे शेवटचा मोठा ज्वलनकक्ष सोडून बाकी जवळजवळ सगळं इंजिन. त्यात पंप आले, टर्बाइन आली, सुरुवातीची भट्टी आली, झडपा आल्या.

या इंजिनात बहुतेक सगळा ऑक्सिजन आणि थोडंसं केरोसीन आधी प्री-बर्नर नावाच्या छोट्या भट्टीत जाळतात. त्या गरम, ऑक्सिजनने भरलेल्या वायूवर टर्बाइन फिरते, टर्बाइनवर पंप फिरतात, आणि तोच वायू पुढे मुख्य कक्षात जाऊन उरलेल्या केरोसीनबरोबर जळतो. काही वाया जात नाही म्हणून ताकद जास्त. मुख्य कक्षातला दाब १८० बार (एक बार म्हणजे साधारण चौरस सेंटीमीटरला एक किलो), आणि तिथे माल ढकलायचा म्हणून पंपांकडचा दाब ६०० बारपर्यंत. आमच्या जुन्या बॉयलरचा दाब चौरस सेंटीमीटरला २१ किलो होता आणि त्याच्या फीड पंपाच्या ग्लँडपाशी उभं राहायलाही नवी पोरं बिचकायची.

दाबापेक्षाही वाईट तो गरम ऑक्सिजन. गॅस वेल्डिंग करणाऱ्या कुठल्याही पोराला विचारा. ऑक्सिजन सिलिंडरच्या रेग्युलेटरला तेलकट हात लावलेला त्याचा उस्ताद खपवून घेत नाही, कारण दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेलाचा ओशटपणाही पेटतो. इथे तर ऑक्सिजन तापलेला आहे आणि धातूच्या पात्यांवरून सुसाट चालला आहे. एखादा कण पात्यावर आपटला, दोन भाग एकमेकांना नुसते घासले, तरी खुद्द धातू जळू शकतो. हे ज्याने समजून घेतलं, तो १.९ सेकंदांवर हसणार नाही.

त्यानंतर काय झालं ते आपल्या अंकात मला सापडलं नाही, म्हणून लिहितो. २ मे २०२४ ला नुसत्या प्री-बर्नरचं प्रज्वलन करून पाहिलं. ऑक्सिजनशी गाठ पडताच आपोआप पेट घेणारं एक रसायन कुपीत भरून त्याने ही भट्टी पेटवतात. मग २८ मार्च २०२५ ला पॉवर हेड अडीच सेकंद चाललं, २४ एप्रिलला साडेतीन सेकंद, आणि २८ मे रोजी तीन सेकंदांच्या चाचणीत ते ठरलेल्या शक्तीच्या ६० टक्क्यांपर्यंत नेलं. पहिल्या अडथळ्यापासून अडीच सेकंद धड चालायला पावणेदोन वर्षं लागली. हिशेब मांडणाऱ्याला हे हास्यास्पद वाटेल. मला ते वाटत नाही, आणि त्याचं कारण कारखान्यातलं आहे.

टर्बाइनच्या शाफ्टमध्ये आडवा बसवलेला अंगठ्याएवढा बोल्ट असतो, स्प्रिंगने आत दाबून धरलेला. वेग ठरलेल्यापेक्षा दहा टक्क्यांनी वाढला की तो बाहेर येतो, ट्रिपच्या, म्हणजे यंत्र झटक्यात थांबवणाऱ्या, लिव्हरला टोला बसतो आणि वाफेचा स्टॉप व्हॉल्व्ह धाडकन बंद होतो. हंगाम सुरू व्हायच्या आधी कपलिंग सोडून, टर्बाइन मिलपासून वेगळी करून रिकामी पळवायची आणि हा बोल्ट वेळेवर उठतो का ते बघायचं, हा आमचा दंडक. एका वर्षी बॉयलरचं अग्निप्रदीपन दसऱ्याला थाटात झालं, मोळी टाकायचा मुहूर्त ठरला, मंत्र्यांच्या नावाच्या पत्रिका गावोगाव गेल्या. आम्ही टर्बाइन पळवली. टॅकोमीटरचा काटा ट्रिपच्या आकड्याला आला, पुढे गेला, बोल्ट काही उठेना. माझ्या फिटरने हाताने ट्रिप मारली तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर रक्त नव्हतं. मिल बंद असतानाच्या महिन्यांत जुनं ग्रीस वाळून बोल्ट चिकटला होता. वरिष्ठांनी बोलावून विचारलं, “वर्षभरात एकदा तरी ही ट्रिप झालीय का? मग आजच कशाला तिचं अडलंय?” मी वाफ द्यायला नकार दिला. मंत्री आले, गव्हाणीत मोळी पडली, टाळ्या झाल्या, पण मिल काही फिरली नाही. ऊस गव्हाणीत तसाच पडून. इंजिनिअरने कारखान्याचं नाक कापलं, असं पुढची दोन-तीन वर्षं ऐकलं. बोल्ट काढून, साफ करून, पुन्हा पुन्हा पळवून तो दर वेळी त्याच आकड्याला उठतोय याची खात्री झाल्यावरच मी सही केली.

म्हणून ‘रखडले’ हा शब्द मला टोचतो. २०१८ मध्ये लाल किल्ल्यावरून गगनयानासाठी २०२२ चा मुहूर्त सांगितला गेला, तो हुकला, हे खरंच आहे, आणि सरकारला त्याचा जाब जरूर विचारा. पण मुहूर्त काढणाऱ्याला विचारायचा प्रश्न आणि स्टँडवर यंत्र पळवणाऱ्याला विचारायचा प्रश्न एकच नसतो. दुसऱ्याला विचारायचं ते, बोल्ट उठला का.

मुहूर्तासाठी चाचणीला फाटा दिला की काय होतं, याची नोंद सोव्हिएत रशियात आहे. चंद्रावर माणूस पाठवण्यासाठी त्यांनी एन-१ हे अजस्र रॉकेट बांधलं. पहिल्या टप्प्यात एनके-१५ जातीची ३० इंजिनं. केरोसीन, द्रव ऑक्सिजन, आणि ऑक्सिजनने भरलेला गरम वायू टर्बाइनवर. म्हणजे जात आपल्या नव्या इंजिनाचीच. यंत्रकार तोडीचे होते, त्याबद्दल शंका नको. पण त्या इंजिनाच्या काही झडपा एकदाच चालणाऱ्या होत्या, त्यामुळे इंजिन एकदा पेटवून पाहिलं की पुन्हा वापरता येत नसे. मग सहा-सहाच्या गटातली दोन इंजिनं चालवून बघायची आणि बाकीची चार भरवशावर यानात बसवायची, अशी पद्धत पडली. तीसच्या तीस इंजिनं एकत्र चालवून बघायला स्टँड लागला असता. वेळ आणि पैसा वाचवायला तो बांधलाच नाही. ३ जुलै १९६९ ला, अपोलो ११ चंद्रावर उतरायला जेमतेम अडीच आठवडे उरले असताना, एन-१ च्या दुसऱ्या उड्डाणात एका इंजिनाचा ऑक्सिजन पंप सुरुवातीलाच फुटला. नियंत्रण यंत्रणेने एक सोडून बाकी सगळी इंजिनं बंद केली आणि इंधनाने भरलेलं ते धूड बैकानूरच्या तळावरच कोसळलं. तळ उद्ध्वस्त. १९६९ ते १९७२ मध्ये चार उड्डाणं झाली, एकही धड गेलं नाही. स्टँडवर शिकायचं ते चार वेळा आकाशात शिकले.

त्या इंजिनांची सुधारलेली पिढी, एनके-३३, पुढे चांगली निघाली. ती पुन्हा पुन्हा पेटवता येत होती. पण एन-१ गुंडाळल्यावर ती वर्षानुवर्षं गोदामात पडून राहिली, आणि पुढे अमेरिकेतल्या एका कंपनीने विकत घेऊन, डागडुजी करून अँटारेस रॉकेटला बसवली. मे २०१४ मध्ये मिसिसिपीतल्या स्टेनिस केंद्रात यातलं एक इंजिन स्टँडवरच निकामी झालं. त्याच वर्षी २८ ऑक्टोबरला अँटारेस उडालं आणि काही सेकंदांत ऑक्सिजनच्या पंपात घर्षणाने आग लागून इंजिन फुटलं, रॉकेट तळाशेजारी पडलं. दोन्ही बिघाड एकच होते असं माझं म्हणणं नाही. स्टँडवरची घटना बातमी म्हणून पहिल्या पानावर आली असती तर ऑक्टोबरचं उड्डाण थांबलं असतं असंही नाही. पण मे महिन्यातली बातमी ज्याने वाचली होती, त्याला ऑक्टोबरमध्ये धक्का थोडा कमी बसला असेल.

अमेरिकनांच्या बाजूने बघायचं तर अपोलोला चंद्राकडे नेणाऱ्या सॅटर्न-५ रॉकेटच्या एफ-१ इंजिनाची कथा साखर कारखान्यातल्या माणसालाही भुरळ घालते. एकेका इंजिनाचा जोर सुमारे ६८० टन. कक्षात जळणाऱ्या वायूला आपोआप कंप सुटायचा आणि क्षणात इंजिनाचे तुकडे व्हायचे. जून १९६२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एडवर्ड्सच्या स्टँडवर असं एक इंजिन गेलं. गणिताने उत्तर मिळेना, तेव्हा त्यांनी सरळ चालू इंजिनाच्या पोटात छोटे बाँब फोडायला सुरुवात केली. मुद्दाम कंप उठवायचा आणि तो आपोआप शमतो का ते बघायचं. इंधन फवारणाऱ्या तबकडीची रचना बदलायची, तिच्यावर आडोसे उभे करायचे, भोकांचे कोन बदलायचे, आणि पुन्हा बाँब. या एका दुखण्यापायी पूर्ण आकाराच्या इंजिनाच्या जवळपास २००० चाचण्या झाल्या. शेवटी बाँबने उठलेला कंप सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात मरू लागला. सॅटर्न-५ तेरा वेळा उडालं, प्रत्येक वेळी पाच एफ-१ घेऊन. पासष्टपैकी एकानेही दगा दिला नाही. चंद्रावरची पावलं सगळ्यांना ठाऊक आहेत, पण मला विचाराल तर चालत्या भट्टीत बाँब टाकणाऱ्या त्या माणसांचा फोटो शाळांच्या भिंतीवर हवा.

आपल्याकडचे आकडेही कमी नाहीत. फक्त ते वाचकांपर्यंत येत नाहीत. गगनयानात माणसं बसणार, म्हणून वरच्या टप्प्यातल्या सीई-२० या क्रायोजेनिक इंजिनाला वेगळी परीक्षा द्यावी लागली. त्याचं इंधन, द्रव हायड्रोजन, उणे २५३ अंशांचं, त्यामुळे प्रत्येक चाचणीआधी सगळी वाहिनी थंड करत आणायची. किमान ६३५० सेकंद चालणं आवश्यक होतं. चार इंजिनांवर मिळून ३९ चाचण्या झाल्या आणि बेरीज ८८१० सेकंदांवर गेली. हे फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्ण झालं. या इंजिनाला एका उड्डाणात साधारण ६४० सेकंद काम असतं, म्हणजे माणूस बसायच्या आधी जवळपास चौदा उड्डाणांचं जळण जमिनीवरच झालं. विकास इंजिनाचं तसंच. जुलै २०२१ मध्ये ते सलग २४० सेकंद चालवलं, आणि १७ जानेवारी २०२५ ला ६० सेकंद चालवून, दोन मिनिटं बंद ठेवून पुन्हा सात सेकंद पेटवलं. तापलेलं इंजिन पुन्हा सुरू करणं हा अगदी वेगळाच खेळ आहे. ती बातमी मी तरी मराठीत कुठे वाचली नाही.

हे सगळं तमिळनाडूत घडतं, आपल्याला काय, असं म्हणायलाही जागा नाही. विकास इंजिनं विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात बांधली जातात. साखर कारखान्यांना मिल पुरवणाऱ्या वालचंदनगरला एलव्हीएम-३ च्या बाजूच्या घन इंधनाच्या बूस्टरची पोलादी कवचं तयार होतात. त्या बूस्टरला ट्रिप नाही. एकदा पेटला की संपेपर्यंत जळणार, मध्ये थांबवायची सोय नाही, त्यामुळे त्याची चाचणी जास्तच नाजूक. १३ मे २०२२ ला गगनयानासाठीचा असा बूस्टर श्रीहरिकोट्याला आडवा बांधून १३५ सेकंद जाळला. आत २०३ टन इंधन होतं आणि सुमारे ७०० ठिकाणची मोजमापं घेतली गेली. इंदापूर तालुक्यात जशी कवचं तयार होतात, तशाच कवचाची ती परीक्षा होती. आपल्या पुणे आवृत्तीलाही त्याचं अप्रूप वाटू नये?

उलट जिथे धूर आणि जाळ आहे तिथे आपण जागा देता. जून २०२५ मध्ये टेक्सासमध्ये स्पेसएक्सचं स्टारशिप चाचणीच्या तयारीत स्टँडवरच फुटलं, तेव्हा रंगीत फोटो चार कॉलम होता. त्याआधी ३० जून २०२४ ला चीनमध्ये तियानलोंग-३ या खासगी रॉकेटचा पहिला टप्पा चाचणीच्या वेळी स्टँडवरून सुटून चक्क उडाला आणि गोंगयी शहराजवळच्या डोंगरात पडला, तीही बातमी आली. पण स्टारशिपमध्ये नायट्रोजनची दाबाची टाकी फुटली आणि चीनमध्ये रॉकेट धरून ठेवणारी बांधणीच तुटली, हे कुठे लिहिलं नव्हतं. वाचकाला दोन्ही ठिकाणी ‘रॉकेट फुटलं’ एवढंच कळलं.

तेव्हा विनंती अशी. महेंद्रगिरीची पुढची बातमी येईल तेव्हा इंजिनाचं नाव छापा. किती सेकंदांचं ठरलं होतं आणि किती चाललं हे छापा. किती टक्के शक्तीवर चाललं हे छापा, कारण ६० टक्के आणि १०० टक्के यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. थांबवलं असेल तर का, हे इस्रोला विचारा, आणि महिन्याभरात उत्तर आलं नाही तर पुन्हा विचारा. इस्रोवर माझा एवढाच राग आहे की यशाचे आकडे ते लगेच देतात, पण १.९ सेकंदांनंतर दाब नेमका कशाने उसळला हे माझ्यासारख्याला समजेल अशा भाषेत त्यांनी अजून सांगितलेलं नाही. तिथे वार्ताहराने पाठपुरावा करायला हवा होता. आता या अर्ध-क्रायोजेनिक इंजिनाला मुख्य ज्वलनकक्ष जोडून पूर्ण इंजिन चालवायची पाळी येईल. त्यासाठीचा नवा स्टँड महेंद्रगिरीला बांधला आहे आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते त्याचं लोकार्पणही झालं आहे. त्या दिवशी काही सेकंदांत चाचणी थांबली, तर मथळा देण्याआधी एखाद्या टर्बाइनवाल्याला फोन करा.

पत्र लांबलं, याची कल्पना आहे. कात्री लावायचीच झाली तर आमच्या मोळीच्या किश्श्याला लावा, सेकंदांना नको.

आपला,
एक निवृत्त बॉयलर अभियंता
ता. वाळवा, जि. सांगली
(नाव-पत्ता आपल्याकडे दिला आहे, छापू नये.)